चाचणीतील बरोबरी काटेकोर कशी ठेवावी

पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषेत एका मजकुरात दुसरा मजकूर आहे का, हे पाहण्यासाठी स्ट्रपॉस हे फंक्शन वर्षानुवर्षे वापरले जाते. शोधलेला शब्द सापडला तर तो कितव्या बाइटपासून सुरू होतो तो आकडा मिळतो, आणि सापडला नाही तर फॉल्स ('नाही' असे मूल्य) मिळते. आता समजा, प्रतिक्रियांमधून काही ठरावीक शब्द गाळणारे एक फंक्शन आपण लिहिले आहे आणि 'गाळल्यानंतर "फुकट" हा शब्द उरत नाही' अशी चाचणी त्याला जोडली आहे. चाचणीत असर्टइक्वल्स हे दोन मूल्ये प्रकाराकडे फारसे न पाहता सैलपणे ताडून बघणारे असर्शन (तपासणीचे विधान) वापरले, अपेक्षित मूल्य फॉल्स दिले आणि प्रत्यक्ष मूल्य म्हणून स्ट्रपॉसचे उत्तर दिले. नमुन्याचे वाक्य आहे 'फुकट मिळवा दोन पुस्तके'. गाळणारे फंक्शन बिघडलेले असून ते वाक्याला हातही लावत नाही, असे धरू. शब्द वाक्याच्या अगदी सुरुवातीला असल्यामुळे स्ट्रपॉस ० परत करते, सैल तुलनेत ० आणि फॉल्स सारखेच ठरतात, आणि चाचणी पास होते. नमुन्याचे वाक्य 'दोन पुस्तके फुकट मिळवा' असे असते, तर तीच चाचणी तिथल्या तिथे अडली असती. म्हणजे शब्द गाळला जातो की नाही, हे ही चाचणी तपासतच नाही; आपण नमुन्याचे वाक्य कसे रचले, यावर तिचा निकाल ठरतो.

याच चाचणीत असर्टइक्वल्सच्या जागी प्रकारही तपासणारे असर्टसेम लिहिले, तर ० हे फॉल्स नव्हे असा स्पष्ट संदेश येतो आणि बिघाड त्याच मिनिटाला समोर येतो. या लेखात मुख्यतः पीएचपीयुनिट या पीएचपीच्या चाचणी-साधनाच्या आधाराने असे काटेकोर असर्शन कसे लिहावे, ते कुठे वापरू नये आणि जुन्या चाचण्या त्याकडे कशा वळवाव्यात, हे मांडले आहे. पीएचपीत मूल्यांचे प्रकार फार सहज बदलतात, त्यामुळे या विषयाची गरज तिथे सर्वांत जास्त भासते. इतर भाषांविषयी पुढे थोडक्यात लिहिले आहे.

सैल बरोबरी काय काय खपवून घेते

असर्टसेम हे === या चिन्हाच्या नियमाने चालते, म्हणजे मूल्य आणि प्रकार दोन्ही जुळावे लागतात. असर्टइक्वल्स हे साधारणपणे == च्या वळणाने चालते. त्याच्या लेखी ५ हा पूर्णांक, "५" ही स्ट्रिंग (मजकूर) आणि ५.० ही दशांश संख्या एकच. नल (म्हणजे मूल्यच नसणे) आणि रिकामी स्ट्रिंग एकच. नल आणि ० एकच. नल आणि फॉल्स एकच. १ आणि ट्रू एकच. यातली प्रत्येक जोडी वेगळी घेतली तर निरुपद्रवी वाटते, पण 'काहीच मिळाले नाही', 'रिकामे मिळाले', 'शून्य मिळाले' आणि 'नाही असे उत्तर मिळाले' हे चार अर्थ व्यवहारात क्वचितच एकसारखे असतात, आणि चाचणीने नेमका हाच फरक सांभाळायचा असतो.

येथे एक बारकावा नोंदवणे आवश्यक आहे. असर्टइक्वल्स म्हणजे हुबेहूब == नव्हे. संख्येची तुलना संख्या नसलेल्या स्ट्रिंगशी होत असेल तर ते दोन्ही बाजू आधी स्ट्रिंगमध्ये बदलून घेते, त्यामुळे ० आणि 'आंबा' यांना ते कधी सारखे मानत नाही. पीएचपी भाषेतील == मात्र सातव्या आवृत्तीपर्यंत या दोन मूल्यांना सारखे मानत असे; नोव्हेंबर २०२० मध्ये आलेल्या ८.० आवृत्तीत हा नियम बदलला. यावरून 'आता पीएचपी सुधारली, काटेकोरपणाची गरज उरली नाही' असा निष्कर्ष काढणारे भेटतात. वर दिलेल्या जोड्या आठव्या आवृत्तीतही तशाच सैल आहेत. फाइलच्या सुरुवातीला स्ट्रिक्ट टाइप्सची घोषणा केली की == आपोआप काटेकोर होते, हा आणखी एक पसरलेला गैरसमज. ती घोषणा फंक्शनला दिलेल्या, फंक्शनने परत केलेल्या आणि प्रकार जोडलेल्या प्रॉपर्टीत ठेवलेल्या मूल्यांपुरती लागू असते. तुलनेच्या चिन्हांवर तिचा काहीही परिणाम होत नाही.

माझ्या हातून झालेली चूक याच जातीची होती. एका दुकानाच्या संकेतस्थळासाठी मी शिल्लक साठा सांगणारे फंक्शन लिहिले होते. वस्तूचा साठा संपला असेल तर ०, आणि त्या क्रमांकाची वस्तूच नोंदीत नसेल तर नल, असा करार मी स्वतःच ठरवला होता. पुढे त्याच कोडची फेररचना करताना अॅरेतील एका किल्लीचे स्पेलिंग चुकले. किल्ली न सापडल्यास नल घ्यावे अशी तजवीज मी ?? या दुहेरी प्रश्नचिन्हाने करून ठेवली होती, त्यामुळे कोठेही एरर आली नाही आणि फंक्शन प्रत्येक वस्तूसाठी नल परत करू लागले. साठ्याच्या दोन चाचण्या होत्या. पहिलीत साठा संपलेल्या वस्तूसाठी ० अपेक्षित होते, दुसरीत नोंद नसलेल्या वस्तूसाठी नल अपेक्षित होते, आणि दोन्हींत असर्टइक्वल्स होते. दोन्ही पास झाल्या. साठा शिल्लक असलेल्या वस्तूची चाचणी लिहायची राहून गेली होती, हा दोष वेगळा आणि तोही माझाच. प्रत्यक्षात मात्र साठा संपल्यावर पुन्हा माल मागवण्याची जी सूचना दुकानदाराला जायला हवी होती, ती जाणे बंद झाले, कारण ती सूचना पाठवणाऱ्या कोडमध्ये === होते. कोड काटेकोर आणि त्याची चाचणी सैल, असा उलटा प्रकार झाला होता.

नवी चाचणी लिहिताना

नव्या चाचणीत सुरुवात असर्टसेमने करावी आणि ते चालणार नाही असे ठोस कारण दिसले तरच दुसऱ्या असर्शनकडे वळावे. यामुळे अपेक्षित मूल्य लिहितानाच प्रकाराचा निर्णय घ्यावा लागतो. एकूण रक्कम पूर्णांक असेल, दशांश असेल की स्ट्रिंग असेल, हा प्रश्न चाचणी लिहिताना पडला तर त्याचे उत्तर कोडमध्येही नक्की होते. पीएचपीत हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. राउंड आणि फ्लोअर ही दोन्ही फंक्शने पूर्णांकासारखे दिसणारे उत्तर दशांश प्रकारात परत करतात. १० ला २ ने भागल्यास पूर्णांक ५ मिळतो, पण १० ला ४ ने भागल्यास दशांश २.५ मिळतो, म्हणजे एकाच ओळीतून आलेल्या उत्तराचा प्रकार आकड्यांवर अवलंबून राहतो. पानांची संख्या काढणाऱ्या फंक्शनची चाचणी असर्टसेमने लिहिली की ही गोष्ट पहिल्या पाच मिनिटांत कळते. मग भागाकाराऐवजी इंटडिव्ह (पूर्णांकी भागाकार) वापरायचे की उत्तर पूर्णांकात बदलायचे, हे जाणीवपूर्वक ठरवता येते.

हा फरक केवळ शिस्तीपुरता नाही. आपले एपीआय (इतर प्रोग्रॅमना माहिती देणारा दुवा) जेसन या माहिती पाठवण्याच्या मजकूर-स्वरूपात ५ ऐवजी "५" पाठवू लागले, तर ब्राउझरमधील जावास्क्रिप्ट बहुधा ते निभावून नेईल, पण कॉटलिन किंवा स्विफ्टमध्ये लिहिलेल्या मोबाइल ॲपमध्ये त्या ठिकाणी पूर्णांक घोषित केलेला असेल, तर तेथे प्रतिसाद वाचतानाच गाडी अडू शकते. पीएचपीचे जेसनएन्कोड हे ५.० ला नेहमीच्या सेटिंगमध्ये केवळ ५ असे लिहिते, त्यामुळे तेच जेसन परत वाचले की दशांशाचा पूर्णांक झालेला असतो. सैल असर्शनला यातले काहीच दिसत नाही.

पीएचपीयुनिटमध्ये अपेक्षित मूल्य पहिले आणि प्रत्यक्ष मूल्य दुसरे, हा क्रम पाळावा. उलट क्रमाने लिहिले तरी पास किंवा नापास यात फरक पडत नाही, पण चाचणी अडल्यावर येणारा संदेश उलटा वाचला जातो आणि माणूस बरोबर असलेला कोड दुरुस्त करायला बसतो. काटेकोर असर्शनमध्ये हा संदेश अधिकच महत्त्वाचा ठरतो, कारण '"५" हे ५ शी तंतोतंत समान नाही' असे वाचल्यावर कोणत्या बाजूला अवतरणचिन्हे आहेत यावरच सगळे निदान अवलंबून असते.

काही जण असर्टट्रूच्या कंसात स्वतःच === वापरून तुलना लिहितात. ती काटेकोर असते यात शंका नाही, पण अडल्यावर तिचा संदेश 'फॉल्स हे ट्रू नाही' एवढाच असतो. कोणते मूल्य अपेक्षित होते आणि कोणते आले, हे शोधायला पुन्हा डीबगर उघडावा लागतो. असर्टसेम हीच माहिती आपणहून देते. जिथे अपेक्षित उत्तर खरोखर ट्रू, फॉल्स किंवा नल आहे, तिथे असर्टट्रू, असर्टफॉल्स आणि असर्टनल ही असर्शने थेट वापरावीत. ती स्वभावतःच काटेकोर आहेत आणि असर्टट्रूला १ चालत नाही. याउलट असर्टएम्प्टी टाळलेले बरे. ०, "०", रिकामी स्ट्रिंग, नल, फॉल्स आणि रिकामा अॅरे ही सगळी मूल्ये त्याला रिकामीच वाटतात. रिकामा अॅरे अपेक्षित असेल तर असर्टसेममध्ये रिकामा अॅरेच लिहावा.

माझ्या मते सर्वांत घातक सवय आहे ती प्रत्यक्ष मूल्यावर कास्ट (प्रकार जबरदस्तीने बदलणे) करण्याची. असर्टसेम अडले की अनेकांचा हात फंक्शनच्या उत्तराआधी 'इंट' लिहिण्याकडे जातो आणि चाचणी पास होते. पण कोडने "५" दिले, ५.९ दिले किंवा '५ नग' दिले तरी इंट केल्यावर ५ च उरतो, म्हणजे असर्टसेम लिहूनही आपण पुन्हा सैल तुलनेच्याच घरी आलो, किंबहुना आणखी सैल. कास्ट करायचेच असेल तर अपेक्षित मूल्यावर करावे. वर्डप्रेसमधले उदाहरण घ्या. तिथे पोस्टच्या ऑब्जेक्टमध्ये लेखकाचा क्रमांक पोस्ट_ऑथर या प्रॉपर्टीत असतो आणि जुन्या कोडशी सुसंगती राखण्यासाठी तो स्ट्रिंगच ठेवलेला आहे. वापरकर्ता तयार करणारे फंक्शन मात्र क्रमांक पूर्णांकात देते. अशा वेळी पूर्णांकाला स्ट्रिंगमध्ये बदलून तो अपेक्षित मूल्य म्हणून द्यावा आणि पोस्टवरील मूल्याला हात लावू नये. असे लिहिले की 'हे मूल्य स्ट्रिंग असते' ही माहिती चाचणीतच नोंदली जाते आणि उद्या कोणी ती प्रॉपर्टी पूर्णांक केली, तर त्याला लगेच कळते.

चाचणी लिहून झाल्यावर ती एकदा मुद्दाम पाडून पाहावी. अपेक्षित ५ च्या जागी "५" लिहावे आणि चाचणी चालवावी. ती तरीही पास झाली, तर आपण चुकीचे असर्शन वापरले आहे किंवा ती ओळ चालतच नाही.

जिथे काटेकोर तुलना चुकीची ठरते

ऑब्जेक्टच्या बाबतीत === चा अर्थ बदलतो. तिथे 'आतील मजकूर सारखा आहे का' हा प्रश्न नसून 'मेमरीतला हा तोच ऑब्जेक्ट आहे का' हा प्रश्न असतो. एकाच तारखेचे दोन डेटटाइम ऑब्जेक्ट वेगवेगळे तयार केले, तर असर्टसेम त्यांना सारखे म्हणणार नाही, आणि ते योग्यच आहे. एखादी मेथड साखळीसाठी स्वतःचाच ऑब्जेक्ट परत करते का, किंवा सेवा पुरवणारा कंटेनर दुसऱ्यांदा मागितल्यावर तीच सेवा देतो का, हे तपासायचे असेल तर असर्टसेमइतके नेमके साधन नाही. पण मजकूर तपासायचा असेल तर असर्टइक्वल्सकडे जावे लागते, आणि तेथे एक खाच आहे. असर्टइक्वल्स दोन ऑब्जेक्टचा क्लास तोच आहे की नाही हे पाहते, मात्र आतील प्रॉपर्टींची तुलना पुन्हा सैल पद्धतीने करते. एका ऑब्जेक्टमध्ये किंमत ५ आणि दुसऱ्यात "५" असेल, तरी ते दोन्ही सारखे ठरतात.

यावर तीन उपाय आहेत आणि ते याच पसंतीक्रमाने करावेत असे मला वाटते. पीएचपी ७.४ पासून प्रॉपर्टीला प्रकार जोडता येतो. किंमत पूर्णांक आहे असे क्लासमध्येच लिहिले की तिथे स्ट्रिंग टिकूच शकत नाही आणि असर्टइक्वल्सचा सैलपणा बहुतांशी निरुपद्रवी होतो. हे शक्य नसेल तर ऑब्जेक्टमधील महत्त्वाची मूल्ये एका अॅरेत काढून त्या अॅरेवर असर्टसेम लावावे. आणि क्लासला स्वतःची समानता ठरवणारी मेथड असेल तर पीएचपीयुनिट ९.४ पासून असलेले असर्टऑब्जेक्टइक्वल्स वापरावे, ज्यात निर्णय त्या मेथडवर सोपवला जातो.

अॅरेवर असर्टसेम लावताना किल्ल्या, मूल्ये, त्यांचे प्रकार आणि त्यांचा क्रम हे सगळे जुळावे लागते. क्रम हा कराराचा भाग असेल, म्हणजे यादी किमतीनुसार लावलेली असेल, तर हा काटेकोरपणा हवाच. डेटाबेसमधून कोणत्याही क्रमाने आलेल्या ओळी असतील तर मात्र चाचणी कधी पास, कधी नापास अशी लहरी वागू लागते. अशा वेळी लगेच सैल असर्शनकडे पळण्याऐवजी दोन्ही अॅरे आधी एकाच निकषाने क्रमवार लावून घ्यावेत आणि मग असर्टसेम लावावे; क्रमाबाबत सवलत मिळते, प्रकाराबाबत मिळत नाही.

दशांश संख्यांचा प्रश्न वेगळा आहे, कारण तिथे प्रकार जुळूनही मूल्य जुळत नाही. १९.९९ ला १०० ने गुणले तर संगणकाच्या द्विमान पद्धतीत उत्तर १९९८.९९९९९९९९९९९९८ येते, आणि त्याला थेट पूर्णांकात बदलले की १९९८ उरतात. म्हणजे १९ रुपये ९९ पैशांतील एक पैसा गेला. येथे असर्टसेम अडले तर ते चुकीचे अडलेले नाही; पैशांसाठी दशांश प्रकार वापरला हीच मूळ चूक आहे. रक्कम पैशांमध्ये पूर्णांक म्हणून साठवावी आणि काटेकोर तपासावी. अंतर, तापमान, सरासरी अशा मोजमापांसाठी मात्र असर्टइक्वल्सविथडेल्टा वापरावे आणि किती फरक चालेल तो आकडा स्वतः विचार करून लिहावा. तो आकडा चाचणी पास होईपर्यंत वाढवत नेणे ही फसवणूक असते, आणि रिव्ह्यूमध्ये ती सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

मराठी मजकुराची काटेकोर तुलना

मराठी मजकुरावर काम करणाऱ्यांना असर्टसेम कधी कधी एक चमत्कारिक संदेश दाखवते. त्यात 'दुसऱ्या' हे 'दुसऱ्या' शी समान नाही असे लिहिलेले असते आणि डोळ्यांना दोन्ही शब्द सारखेच दिसतात. येथे तुलनेत खोट नसते, मजकुरातच खरा फरक असतो. युनिकोडमध्ये ऱ साठी ०९३१ क्रमांकाचे स्वतंत्र चिन्ह आहे. तेच अक्षर साधा र आणि त्यापुढे नुक्ता अशा दोन चिन्हांनीही लिहिता येते. शिवाय काही कीबोर्ड ऱ्य हे जोडाक्षर र, हलन्त आणि न दिसणारे जोडचिन्ह अशा तिसऱ्याच मार्गाने तयार करतात. यूटीएफ-८ मध्ये पहिल्या पद्धतीने लिहिलेला 'दुसऱ्या' २१ बाइटांचा होतो, तर दुसऱ्या आणि तिसऱ्या पद्धतीने तो २४ बाइटांचा होतो; त्यामुळे केवळ लांबी छापून या दोन पद्धतींतला फरक कळत नाही. बिनटुहेक्स या फंक्शनने दोन्ही स्ट्रिंगचे बाइट छापावेत, म्हणजे कोणत्या पद्धतीचा मजकूर आला आहे हे दिसते.

अशा वेळी असर्शन सैल करण्याचा मोह आवरावा, कारण असर्टइक्वल्सही दोन स्ट्रिंगची तुलना करताना हा फरक खपवून घेत नाही. योग्य जागा कोडमध्ये आहे. इंटल एक्स्टेन्शनमधील नॉर्मलायझर वापरून मजकूर आत घेतानाच एनएफसी या युनिकोडच्या प्रमाणित रूपात आणावा. र आणि नुक्ता यांची जोडी त्यात एकाच ऱ मध्ये बदलते. न दिसणारे जोडचिन्ह मात्र एनएफसीने जात नाही, त्यासाठी स्वतःचा नियम लिहावा लागतो. हा नियम लिहिला की त्याची चाचणी असर्टसेमनेच लिहावी, आणि अपेक्षित शब्द टाइप करून न देता चिन्हांच्या क्रमांकांनी द्यावा. नाहीतर आपला स्वतःचा कीबोर्ड कोणती पद्धत वापरतो यावर चाचणी अवलंबून राहते. देवनागरी अंकांचेही असेच आहे. अर्जात कोणी 'वय १२' असे देवनागरीत भरले, तर पीएचपीत त्या अंकांना पूर्णांकात बदलल्यास ० मिळतो, तर पायथनचे इंट त्यांचे व्यवस्थित १२ करते. शून्य आणि 'भरले नाही' यांना एकच मानणारी चाचणी इथे पुन्हा फसते.

इतर भाषांमध्ये थोडक्यात

जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडच्या असर्ट मॉड्यूलमध्ये इक्वल हे == ने चालते आणि स्ट्रिक्टइक्वल काटेकोर असते; मॉड्यूलचे स्ट्रिक्ट रूप आयात केले की इक्वल लिहूनही काटेकोर तुलनाच होते, आणि तेच सोयीचे. जेस्ट या जावास्क्रिप्टच्या चाचणी-साधनात टूबी हे ऑब्जेक्टडॉटइज या नियमाने चालते, त्यामुळे तिथे नॅन ('संख्या नव्हे' असे मूल्य) हे नॅनशी समान असते, पण ० आणि उणे ० वेगळे ठरतात. टूइक्वल हे अनडिफाइन्ड मूल्याच्या किल्ल्यांकडे दुर्लक्ष करते, म्हणून ऑब्जेक्टसाठी टूस्ट्रिक्टइक्वल वापरावे. पायथनमध्ये स्ट्रिंग आणि संख्या कधीच समान होत नाहीत, मात्र १ आणि ट्रू समान असतात. उत्तर खरोखर बुलियन आहे हे तपासायचे असेल तर असर्टइज वापरावे.

जावामध्ये पीएचपीची सवय घेऊन गेलेल्याने जपून राहावे. जेयुनिट या जावाच्या चाचणी-साधनातील असर्टइक्वल्स मुळात प्रकार पाहूनच तुलना करते, तर असर्टसेम हे फक्त मेमरीतला तोच ऑब्जेक्ट आहे का हे तपासते. जावा उणे १२८ ते १२७ पर्यंतचे इंटीजर ऑब्जेक्ट साठवून ठेवते, त्यामुळे असर्टसेम १२७ ला पास होते आणि १२८ ला अडते. अशी चाचणी पाहून नवख्याचा दिवस वाया गेलेला मी पाहिला आहे. टेस्टएनजी या जावाच्या दुसऱ्या चाचणी-साधनात प्रत्यक्ष मूल्य आधी आणि अपेक्षित नंतर असते, हेही तेथे जाण्याआधी माहीत असलेले बरे.

जुन्या चाचण्या वळवताना

मोठ्या प्रकल्पांनाही हे काम करावे लागले आहे. वर्डप्रेसच्या गाभ्यातील चाचण्यांमध्ये २०२० साली मोठ्या प्रमाणावर असर्टइक्वल्सच्या जागी असर्टसेम आणले गेले, आणि पोस्ट_ऑथरसारख्या स्ट्रिंगच राहणाऱ्या क्रमांकांचा प्रश्न अशा बदलात पावलोपावली येतो. आपल्या प्रकल्पात हे एका दिवसात संपवण्याचा हट्ट धरू नये. एका वेळी एक फाइल घ्यावी, तिच्यातील सगळी असर्टइक्वल्स बदलावीत, चाचण्या चालवाव्यात आणि ज्या अडतील त्यांची वर्गवारी करावी. बहुतेक ठिकाणी अपेक्षित मूल्यच निष्काळजीपणे लिहिलेले असते. ते दुरुस्त करावे. काही ठिकाणी तुलना ऑब्जेक्टची असते. तिथे असर्टइक्वल्स परत आणावे आणि कारणाची एक ओळ वर लिहावी. उरलेल्या थोड्या ठिकाणी कोडमध्ये खरा बग निघतो. तो त्याच कमिटमध्ये दुरुस्त करू नये. चाचणी बदलणारे कमिट आणि कोड बदलणारे कमिट वेगळे ठेवले, तर रिव्ह्यू करणाऱ्याला कशामुळे काय बदलले ते कळते.

हे काम पीएचपीची आवृत्ती वाढवण्याच्या आधी करावे. पीएचपी ८.१ पासून पीडीओ (पीएचपीचा डेटाबेसशी बोलणारा भाग) हे मायएसक्यूएलमधील पूर्णांक आणि दशांश मूल्ये, एम्युलेटेड प्रिपेअर (क्वेरीत मूल्ये डेटाबेसऐवजी पीडीओनेच भरण्याची पद्धत) वापरले तरी, मूळ प्रकारात देते. त्याआधी या पद्धतीत तीच मूल्ये स्ट्रिंग म्हणून येत असत. सैल चाचण्या असलेल्या प्रकल्पात हा बदल चुपचाप पार पडतो आणि मग कोडमध्ये कोठेतरी "१" शी === ने केलेली तुलना निकामी होते. काटेकोर चाचण्या असतील तर आवृत्ती वाढवताक्षणी अडलेल्या चाचण्यांची यादी समोर येते, आणि ती यादीच दुरुस्तीचा नकाशा असते. डेसिमल प्रकारच्या स्तंभांतील मूल्ये त्यानंतरही स्ट्रिंग म्हणूनच येतात, हे अपेक्षित मूल्ये लिहिताना लक्षात ठेवावे.

पीएचपी-सीएस-फिक्सर या साधनात पीएचपी_युनिट_स्ट्रिक्ट नावाचा नियम आहे, जो असर्टइक्वल्सच्या जागी असर्टसेम आपोआप लिहितो. हा नियम त्या साधनानेच 'रिस्की' (जोखमीचा) म्हणून नोंदवला आहे आणि ते रास्त आहे, कारण तुलना ऑब्जेक्टची आहे की साध्या मूल्याची, हे तो पाहत नाही. संपूर्ण प्रकल्पावर तो एकदम चालवण्यापेक्षा ड्राय-रन पद्धतीने, म्हणजे फाइल प्रत्यक्ष न बदलता, चालवून त्याने सुचवलेल्या ओळींची यादी घ्यावी आणि वर सांगितल्याप्रमाणे एकेक फाइल हाताळावी. एखादी फोल्डर पूर्ण झाली की त्या फोल्डरपुरता हाच ड्राय-रन प्रत्येक पुल रिक्वेस्टवर चालेल अशी व्यवस्था करावी. ज्या फाइलींमध्ये ऑब्जेक्टसाठी असर्टइक्वल्स कारणासह ठेवले आहे, त्या फाइली वगळण्याच्या यादीत घालाव्यात आणि ती यादी रिपॉझिटरीतच ठेवावी, म्हणजे तिच्यात नवे नाव वाढले की तो बदल रिव्ह्यूमध्ये दिसतो आणि कारण विचारता येते.